येशू यहूदी होता, मग त्याच्याच नावाने यहूद्यांचा द्वेष कसा सुरू झाला?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही संडे स्कूलला शिकवता आणि वधस्तंभाचा धडा चालू असताना एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "येशूला यहूद्यांनी मारलं म्हणता, पण मागच्या रविवारी तर येशू यहूदी होता म्हणालात, मग कोणी कोणाला मारलं?" तिला काहीतरी सांगून तुम्ही वेळ मारून नेली, पण प्रश्न तुमच्याच डोक्यात बसला, की जो विश्वास अख्खा यहूदी घरात जन्मला त्यात यहूद्यांबद्दल एवढं विष आलं कुठून, बायबलमध्येच होतं की नंतर कोणी कालवलं.

मी बावीस वर्षं नव्या कराराची ग्रीक आणि मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवतेय, आणि हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही. सुरुवातीच्या वर्षांत उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांपैकी एकावर बोलणं माझ्याकडे होतं आणि मी अगदी रंगात येऊन "यहूद्यांनी आपल्या राजाला नाकारलं" वगैरे बोलत गेले. मागच्या बाकावर आमच्या ओळखीच्या ठाण्याच्या एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी, बाई बसल्या होत्या, माझ्याच आग्रहावरून आलेल्या. बाहेर पडताना त्या चिडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "यहूद्यांनी म्हणजे आम्हीच ना गं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मी हा सगळा विषय पहिल्यापासून परत वाचायला घेतला, आणि तो अजून संपलेला नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. "कधी सुरू झालं" याला एक तारीख नाही. गालीलातली मंडळी आणि आशिया मायनरमधली ग्रीक बोलणारी मंडळी यांचं आजूबाजूच्या यहूद्यांशी नातं सारखं नव्हतं, रोममधलं तिसरंच होतं, आणि चौथ्या शतकाच्या शेवटापर्यंत शनिवारी सभास्थानात (यहूद्यांच्या प्रार्थनाघरात) आणि रविवारी चर्चमध्ये जाणारी माणसं सापडतात. त्यामुळे कोणी तुम्हाला छातीठोकपणे "अमुक साली दोन धर्म वेगळे झाले" असं सांगितलं तर त्याला विचारा, कुठल्या गावात?

आणि खरा प्रश्न मला वाटतं "वाईट वाक्य पहिल्यांदा कोणी लिहिलं" हा नाहीये. तेच वाक्य कोण बोलतंय, कोण ऐकतंय आणि बोलणाऱ्याच्या हातात काय आहे, हे कसं बदलत गेलं, तो खरा प्रश्न आहे. भाऊबंदकीत सख्खा भाऊ भावाला जे बोलतो ते बाहेरच्याने बोललं तर त्याचा अर्थ बदलतो, आणि तोच बाहेरचा उद्या गावाचा पाटील झाला तर मग ते नुसतं बोलणं राहत नाही. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, पुढे फक्त ते उलगडून सांगतेय.

सुरुवात बघा. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा लूक सांगतो बाळाची आठव्या दिवशी सुंता झाली, आईबाप गरीब होते म्हणून मंदिरात पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण घेऊन गेले. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूने जे सांगितलं ते "हे इस्राएला, ऐक" या शब्दांनी सुरू होतं आणि ती प्रार्थना श्रद्धाळू यहूदी आजही सकाळ संध्याकाळ म्हणतात. शेवटचं भोजन पहिल्या तीन शुभवर्तमानांत वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटका झाल्याच्या यहूदी सणाचं, आहे. येशू गेल्यावर शिष्य मंदिरात प्रार्थनेला जातच राहिले आणि यरुशलेमच्या मंडळीचा कारभार येशूचा भाऊ याकोब बघत होता, जो मोशेचं नियमशास्त्र काटेकोर पाळायचा. साधारण 49 साली पहिली मोठी बैठक बसली ती परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, माणसाला आत घेताना त्याची सुंता करायची की नाही यावर, "येशू की मोशे" असा वाद तिथे नव्हताच. दोन्ही बाजूंनी बोलणारे सगळे यहूदी होते. ठरलं की सुंतेशिवाय घ्या.

मग येशूच्या तोंडचे ते "सापाच्या पिल्लांनो", "ढोंग्यांनो" हे शब्द? ते घरातले आहेत. यशया संदेष्टा यरुशलेमच्या पुढाऱ्यांना सदोमाचे अधिकारी म्हणतो, यापेक्षा जहरी शिवी त्या भाषेत शोधून सापडणार नाही, आणि तरी यशयाला कोणी यहूद्यांचा शत्रू म्हणत नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या त्या लिहिणारा पंथ सुद्धा यहूदीच, पण त्यांच्या लिखाणात विरोधक "दुष्ट याजक" आहे आणि आपण तेवढे "प्रकाशाची मुलं". आपल्याकडे संतांनी आपल्याच लोकांवर जे कोरडे ओढलेत ते गोळा करून उद्या कोणी परक्याने "बघा मराठी माणूस कसा नीच आहे, त्यांच्याच संतांनी लिहून ठेवलंय" असं पुस्तक काढलं तर आपल्याला काय वाटेल, तसंच नेमकं पुढे झालं. संदेष्ट्यांनी स्वतःच्या लोकांना दिलेले शाप आणि आशीर्वाद एकाच पानावर होते, मंडळीने मधून रेघ मारली, आशीर्वाद सगळे आमचे आणि शाप सगळे त्यांचे.

याची चाहूल पहिल्यांदा कोणाला लागली असेल तर ती पौलाला, परराष्ट्रीयांत प्रचार करणाऱ्या यहूदी प्रेषिताला. रोमकरांस पत्र साधारण 57 सालचं. त्याच्या 11 व्या अध्यायात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना जैतुनाच्या झाडाचं उदाहरण देतो, तुम्ही रानटी फांदी, तुमचं इथे कलम केलंय, मूळच्या फांद्यांवर तोरा मिरवू नका, तुम्ही मुळाला धरून नाही ठेवलेलं, मुळाने तुम्हाला धरलंय. हा अध्याय मी दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचून घेते आणि दरवर्षी मला वाईट वाटतं, कारण सावध करणारं पत्र आपल्या हातात पहिल्या पिढीपासून होतं.

आता 70 सालाकडे या. 66 साली रोमविरुद्ध उठाव झाला, 70 साली रोमी सेनापती तीताने यरुशलेम घेतलं आणि मंदिर जाळलं, लुटीची मिरवणूक रोममधल्या तीताच्या कमानीवर आजही कोरलेली दिसते, सात फांद्यांचा दिवा खांद्यावर घेऊन चाललेले सैनिक. याकोब तर त्याआधीच 62 साली मारला गेला होता. म्हणजे मंडळीचं जे यहूदी हृदय यरुशलेमेत होतं ते विखुरलं आणि वजन आपोआप परराष्ट्रीय मंडळ्यांकडे सरकलं.

यात एक गोष्ट आपण शिकवताना विसरतो, ती म्हणजे टॅक्स. यहूदी पुरुष मंदिरासाठी दरवर्षी अर्धा शेकेल द्यायचे. मंदिर पडल्यावर वेस्पासियन बादशहाने तो पैसा रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला आणि साम्राज्यातल्या सगळ्या यहूद्यांवर लावला. म्हणजे आपलं मंदिर जाळणाऱ्याच्या देवाला पट्टी भरायची, ती अपमानाची तर होतीच, पण तिच्यामुळे "यहूदी कोण" हा सरकारी प्रश्न झाला. दोमितियन बादशहाच्या काळात वसुली इतकी कडक होती की सुएटोनियस हा रोमन लेखक सांगतो, त्याने तरुणपणी स्वतः बघितलं, भर कचेरीत नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला उघडं करून त्याची सुंता झालीय का ते तपासत होते. विचार करा, अशा वातावरणात सुंता न झालेला ख्रिस्ती माणूस "मी त्यांच्यातला नाही" असं म्हणणारच. पण गंमत नाही, फास होता तो, कारण यहूदी असल्याचा एक फायदा होता, जुना धर्म म्हणून त्यांना रोमी देवांच्या पूजेतून सूट होती. यहूदी नाही म्हटलं की ती सूट गेली, मग तू कोण, कालपरवा निघालेला पंथ, संशयित. साधारण 112 साली प्लिनी हा गव्हर्नर बादशहाला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं काय करू, त्याच्या डोक्यात तेव्हा ते यहूद्यांपेक्षा वेगळेच होते.

हे सगळं लक्षात ठेवून शुभवर्तमानं वाचा, कारण बहुतेक अभ्यासकांच्या मते ती 70 च्या आसपास आणि नंतर लिहिली गेली. वधस्तंभ ही रोमी शिक्षा, ती पिलात या रोमी सुभेदाराने दिली, आरोपाची पाटी राजद्रोहाची, यात शंकेला जागाच नाही. पण रोमी राज्यात राहून रोमने मारलेल्या माणसाचा प्रचार करायचा तर पिलात अडचणीचा ठरतो. मार्कात तो लोकांना खूश करायला येशूला सोपवतो, मत्तयात तो हात धुतो आणि त्याच्या बायकोला स्वप्न पडतं, लूकात तो तीनदा म्हणतो याचा दोष दिसत नाही. दुसऱ्या शतकाच्या शेवटी टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक म्हणतो पिलात मनातून ख्रिस्तीच झाला होता, आणि इथिओपियाच्या चर्चमध्ये तर तो संत आहे. पिलात जसजसा वर चढतो तसतसा दोष कोणाकडे सरकतो ते तुम्हीच बघा.

मत्तय 27 चं 25 वं वचन जरा जवळून बघू, कारण सगळ्यात जास्त रक्त याच वचनावर सांडलंय. "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो." आधीच्या वचनात मत्तय जमावासाठी ओख्लोस हा शब्द वापरतो, म्हणजे गर्दी. इथे अचानक तो लाओस म्हणतो, सगळी प्रजा. हा बदल मुद्दामचा आहे, माझे विद्यार्थी तो ग्रीकमध्ये स्वतः शोधतात तेव्हा वर्ग गप्प होतो. पण मत्तय स्वतः यहूदी, मंदिर पडल्यावर लिहितोय, आणि त्याच्यापुढे तोच प्रश्न आहे जो त्याच्या कित्येक शतकं आधी, पहिलं मंदिर पडलं तेव्हा, यिर्मया संदेष्ट्यापुढे होता, आपलं मंदिर का पडलं? यिर्मयाने उत्तर दिलं आपल्या पापामुळे. मत्तयही तसंच उत्तर देतोय, "आम्ही आणि आमची मुलं" म्हणजे ज्यांनी 70 चा विध्वंस डोळ्यांनी पाहिला ती पिढी. हे दुःखाने केलेलं आत्मपरीक्षण आहे. तेच वचन तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित वाचतो आणि लिहितो की ते रक्त यहूद्यांच्या सगळ्या पिढ्यांवर आहे, जगाच्या अंतापर्यंत. ओरिजेन काही अडाणी नव्हता, कैसरियात यहूदी पंडितांकडे बसून शास्त्राचे अर्थ विचारणारा माणूस तो. शब्द तेच, पण "आम्ही" चं "ते" झालं.

योहानाचं वेगळं दुखणं आहे. मार्कात "यहूदी" हा शब्द जेमतेम सहा-सात वेळा येतो, योहानात सत्तरच्या आसपास, आणि बऱ्याच ठिकाणी विरोधक म्हणून. 8 व्या अध्यायात तर "तुम्ही आपला बाप सैतान याचे" हे वाक्य आहे. पण त्याच पुस्तकात 4 थ्या अध्यायात "तारण यहूद्यांमधूनच आहे" हेही आहे, आणि तीन ठिकाणी सभास्थानातून बाहेर काढलं जाण्याची भीती आहे. मला तरी ते नुकत्याच घराबाहेर काढलेल्या माणसाचं बोलणं वाटतं, त्यात तळमळ आहे आणि कडवटपणा आहे. शिवाय यूदायोस या ग्रीक शब्दाचा अर्थ "यहूदीया प्रांतातला" असाही होतो, म्हणून कित्येक ठिकाणी मी विद्यार्थ्यांना "यरुशलेमचे अधिकारी" असं वाचून बघा म्हणते, वाक्य लगेच जागेवर बसतं.

तेव्हा बायबलमध्ये होतं की नंतर आलं, याचं माझं प्रामाणिक उत्तर असं की सरपण आत होतं, आग नंतर लागली. बायबल पूर्ण निर्दोष आहे असं म्हणून मी सुटका करून घेत नाही, ती वाक्यं तिथे आहेत.

आग लागायला दोन गोष्टी कारण झाल्या, एक हक्काचा वाद आणि दुसरी सत्ता.

हक्काचा वाद असा. 132 ते 135 मध्ये बार कोखबा या यहूदी पुढाऱ्याचा रोमविरुद्ध उठाव झाला, हाद्रियन बादशहाने तो चिरडला, यरुशलेमचं नाव बदलून एलिया कापितोलिना केलं आणि यहूद्यांना शहरात यायला बंदी घातली. इतिहासकार युसेबियस सांगतो की तोपर्यंत यरुशलेमचे सगळे बिशप यहूदी होते, त्यानंतर पहिल्यांदा परराष्ट्रीय बिशप आला. मग साधारण 144 साली मार्सियन म्हणून एक श्रीमंत जहाजवाला रोममध्ये उभा राहिला आणि म्हणाला, यहूदी शास्त्र टाकून द्या, तो देवच वेगळा. मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि ते योग्यच केलं. पण मग तिला सिद्ध करावं लागलं की हे शास्त्र आमचंच आहे, आधीपासून आमच्याबद्दलच होतं. रोमी जगात जुनं ते प्रतिष्ठेचं, त्यामुळे मोशे आपल्याकडे असणं फार गरजेचं होतं. अडचण एवढीच होती की मूळ मालक मेला नव्हता. सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायचं आणि मूळ कुटुंब शेजारच्याच खोलीत तेच शास्त्र मूळ भाषेत वाचतंय, रोज, आणि आपल्यापेक्षा चांगलं वाचतंय. त्यांचं नुसतं असणं हेच आपल्या दाव्याला उत्तर होतं. म्हणून मग "त्यांना समजत नाही, ते आंधळे आहेत, देवाने त्यांना टाकलंय" हे म्हणणं भागच पडलं.

जस्टिन मार्टिर हा ख्रिस्ती लेखक, नाब्लुसचा माणूस, 155 ते 160 च्या सुमारास त्याने त्रिफो नावाच्या यहूद्याशी संवाद लिहिला. त्यात तो म्हणतो खरा आत्मिक इस्राएल आम्हीच. आणि सुंतेबद्दल म्हणतो की देवाने ती तुम्हाला दिली ती खूण म्हणून, जेणेकरून तुम्ही ओळखू यावे आणि तुम्हाला यरुशलेमेत पाऊल टाकता येऊ नये. अब्राहामाला दिलेली कराराची खूण, तिचा अर्थ याने हाद्रियनच्या पोलिसी बंदोबस्ताशी जोडून टाकला. तरी त्याच पुस्तकात तो म्हणतो, एखादा यहूदी येशूवर विश्वास ठेवून नियमशास्त्रही पाळत असेल आणि इतरांवर सक्ती करत नसेल तर मी त्याला भाऊ मानतो. म्हणजे दार अजून पूर्ण लागलं नव्हतं.

त्याच पिढीतला मेलितो, आशिया मायनरमधल्या सार्दीसचा बिशप. वल्हांडणाच्या रात्रीचं त्याचं प्रवचन टिकलंय, आणि ग्रीक म्हणून ते अप्रतिम आहे, तालात, यमकात, अंगावर काटा आणणारं. त्यातच पहिल्यांदा उघडपणे येतं की देवाचा खून झाला, इस्राएलच्या राजाला इस्राएलच्याच उजव्या हाताने मारलं. ईशहत्येचा आरोप इथून सुरू होतो. पण हा मेलितो सण कधी करायचा? यहूदी पंचांगाप्रमाणे, निसान महिन्याच्या 14 तारखेला. गावात यहूद्यांची जुनी प्रतिष्ठित वस्ती. म्हणजे एकाच रात्री, एकाच गावात, दोन घरांत निर्गमची तीच कथा वाचली जातेय आणि यातल्या एका घरात हे प्रवचन चाललंय. आणि जुन्या कराराच्या पुस्तकांची ख्रिस्ती माणसाने केलेली जी सगळ्यात जुनी यादी आपल्याकडे आलीय तीही मेलितोचीच, त्यासाठी तो मुद्दाम पूर्वेकडे प्रवास करून गेला होता, आणि "जुन्या कराराची पुस्तकं" हा शब्द त्याच यादीच्या निमित्ताने येतो. आपण "जुना करार" सहज बोलून जातो, पण ज्यांचा तो आहे त्यांच्यासाठी तो जुना नाही.

इथपर्यंत मंडळीच्या हातात फक्त शब्द होते. ती स्वतःच छळ सोसत होती. 312-313 नंतर कॉन्स्टंटाईन बादशहा बाजूने आला आणि शब्दांना हात-पाय फुटले. 325 च्या निकायाच्या परिषदेनंतर त्याने ईस्टरच्या तारखेबद्दल मंडळ्यांना पत्र पाठवलं त्यात स्पष्ट म्हटलंय की त्या घृणास्पद यहूदी जमावाशी आपलं काहीही सामाईक नसावं. मेलितोची 14 निसान आता अधिकृतपणे बाजूला पडली.

आता सिरियातल्या अंत्युखियाला चला, कारण मला वाटतं सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथे आहे. साल 386, सप्टेंबरच्या आसपासचे दिवस, यहूद्यांचे मोठे सण तोंडावर आलेले, शिंगांचा सण, उपासाचा दिवस, मांडवांचा सण. योहान ख्रिसोस्तोम नुकताच याजक झालाय, तरुण, वक्ता असा की लोक प्रवचनात टाळ्या वाजवायचे. तो दुसऱ्याच विषयावर बोलत होता, तो मध्येच थांबवून यहूद्यांविरुद्ध बोलायला लागतो, आणि 386-87 मध्ये मिळून अशी आठ प्रवचनं होतात. सभास्थानाला तो वेश्यागृह म्हणतो, भुतांचं घर म्हणतो, यहूद्यांना कत्तलीला लायक जनावरं म्हणतो. हे वाचताना आजही हात थरथरतो.

पण तो चिडलाय कोणावर? नीट वाचलं तर कळतं, आपल्याच लोकांवर. त्याची ख्रिस्ती माणसं शिंगं ऐकायला सभास्थानात जातायत, यहूद्यांचा उपास धरतायत, आजारी पडलं की तिथून ताईत-तोडगे आणतायत. एक प्रसंग तो स्वतः सांगतो. तीन दिवसांपूर्वी त्याने बघितलं की एक ख्रिस्ती म्हणवणारा माणूस एका घरंदाज बाईला जबरदस्तीने सभास्थानात ओढून नेतोय, काहीतरी व्यवहाराची शपथ घ्यायला लावायला. याने तिला सोडवलं आणि त्या माणसाला विचारलं, बाबा रे चर्च सोडून तिथे कशाला? तो म्हणाला, बऱ्याच जणांनी सांगितलं की तिथे घेतलेली शपथ जास्त कडक असते. या एका उत्तरात अख्खं शहर दिसतं मला. साध्या ख्रिस्ती माणसाच्या मनात सभास्थान म्हणजे जागृत ठिकाण होतं, शत्रूचं घर नव्हतं. शेवटच्या प्रवचनात तर तो लोकांना विनवतो की आपल्यातले किती जण उपासाला गेले याचा गवगवा करू नका, म्हणजे संख्या लाज वाटण्याइतकी मोठी असणार.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, द्वेषाचं प्रवचन सापडलं की त्यावरून लगेच समजू नका की लोक एकमेकांचा द्वेष करत होते, बऱ्याचदा उलट असतं, शेजार फार गोडीचा होता म्हणून वरून भिंत बांधावी लागली. स्पेनमध्ये एल्विरा इथे साधारण 306 साली धर्मसभा भरली, तिने नियम केला की यहूद्यांकडून शेताला आशीर्वाद घेऊ नका आणि त्यांच्या पंगतीला बसू नका. ज्या गोष्टी कोणी करतच नाही त्यांच्यावर बंदी कोण घालतं?

त्या काळी वक्त्याने विरोधकाची अशी निंदा करणं ही शिकवली जाणारी कला होती आणि ख्रिसोस्तोम त्यात तरबेज होता, हे खरं. पण हे कारण सांगून त्याला सोडून देता येत नाही. शेजाऱ्यांत भिंत घालण्यासाठी वापरलेले ते शब्द ज्यांनी पुढे वाचले त्यांना अंत्युखियातला तो शेजार माहीतच नव्हता, त्यांच्या हातात फक्त "कत्तलीला लायक" एवढंच आलं.

आणि परिणाम दिसायला वेळ लागला नाही. 388 साली फरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावात तिथल्या बिशपच्या चिथावणीने जमावाने सभास्थान जाळलं. थिओडोसियस बादशहा ख्रिस्ती, पण त्याने न्यायाने हुकूम दिला की बिशपने स्वखर्चाने ते परत बांधून द्यावं. मिलानचा बिशप अँब्रोज भर उपासनेत त्याला आडवा गेला, हुकूम मागे घेईपर्यंत पुढे विधी करणार नाही म्हणाला, आणि बादशहाने माघार घेतली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात वाईट वळण हेच, कारण इथे कायदा यहूद्यांच्या बाजूने होता आणि चर्चने तो मोडायला लावला. 393 साली त्याच बादशहाचा आणखी एक कायदा आहे की यहूदी पंथावर कुठल्याही कायद्याने बंदी नाही, म्हणजे कागदावर संरक्षण राहिलं.

ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतल्या बिशपने मधली वाट काढली. स्तोत्र 59 मधलं "त्यांना मारून टाकू नको" हे वचन घेऊन तो म्हणाला, यहूद्यांना मारायचं नाही, ते आपल्या शास्त्राचे साक्षीदार आहेत. त्याची उपमा अशी की शाळेत जाणाऱ्या मुलामागे दप्तर उचलून चालणारा गुलाम असतो तसे ते, पुस्तकं वाहतात आपल्यासाठी. या विचाराने पुढची कित्येक शतकं युरोपात यहूद्यांचे जीव वाचवले हे मान्य केलंच पाहिजे, इतर पंथ नामशेष झाले, ते टिकले. पण दप्तर उचलणारा म्हणून टिकले.

आणि ज्यांना दोन्हीकडे राहायचं होतं त्यांचं काय झालं? येशूला मसीहा मानणारे आणि नियमशास्त्रही पाळणारे नाझोरी लोक पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाही होते. त्यांच्याबद्दल जेरोम हा ख्रिस्ती पंडित ऑगस्टीनला लिहितो, त्यांना यहूदीही व्हायचंय आणि ख्रिस्तीही, म्हणून ते ना यहूदी आहेत ना ख्रिस्ती. याकोब, पेत्र, स्वतः पौल या व्याख्येत कुठे बसले असते, हा विचार मनात आला की मला फार वाईट वाटतं.

तुम्ही विचारलं होतं की याला "अँटिसेमिटिझम" म्हणावं का. हा शब्द 1879 च्या सुमाराला जर्मनीत चालू झाला, तो वंशाबद्दल, रक्ताबद्दल बोलतो. ख्रिसोस्तोमच्या काळात बाप्तिस्मा घेतला की यहूदी माणूस आतला धरला जायचा, म्हणून बरेच जण त्याला यहूदी धर्माचा विरोध म्हणतात आणि वंशद्वेषापासून वेगळं काढतात. मीही शिकवताना तसा फरक करते, पण ही भिंत किती पातळ आहे ते बघायला लांब जायला नको. 1497 साली पोर्तुगालने आपल्या यहूद्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला. त्यातल्याच एका घरातला डॉक्टर गार्सिया द ऑर्टा 1534 साली गोव्यात आला, आपल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेलं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं, पणजीतल्या बागेला आज त्याचं नाव आहे. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धा तपासून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं, 1568 साली तो वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि 1580 साली त्याची हाडं उकरून काढून जाळली. बाप्तिस्मा तर सगळ्यांचा झाला होता. त्याच किनाऱ्यावर थोडं वर, अलिबागच्या बाजूला, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, शेजाऱ्यांमध्ये सुखाने राहत होते, त्यांना कोणी ईशहत्यारे म्हटलं नाही, कारण ते प्रवचनच तिथे कोणी ऐकलं नव्हतं.

1965 साली कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने लिहून दिलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर सरसकट आणि आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. त्यामागे ज्यूल इझाक या फ्रेंच यहूदी इतिहासकाराचे कष्ट होते, त्याची बायको आणि मुलगी नाझींनी मारली होती, आणि तरी म्हातारपणी तो 1960 साली पोपना भेटून फक्त एवढंच मागत होता की तुमच्या शिकवणीतून हा तिरस्कार काढा.

आता तुमच्या त्या मुलीचं. तिला एवढं सगळं सांगायची गरज नाही. सांगा की येशूला वधस्तंभावर रोमी सुभेदाराच्या हुकुमाने रोमी शिपायांनी मारलं, यरुशलेमच्या काही मोठ्या अधिकाऱ्यांना तो नको होता म्हणून त्यांनी त्याला धरून दिलं, आणि त्याच्यावर जीव टाकणारेही यहूदीच होते. वाचताना जिथे "यहूदी" शब्द विरोधकांसाठी येतो तिथे थांबून "म्हणजे कोण?" असं मुलांनाच विचारत जा, मी मोठ्यांच्या वर्गातही तेच करते. आणि लूक 23 चं 27 वं वचन तिलाच मोठ्याने वाचायला लावा, येशू वधस्तंभाकडे चाललाय आणि त्याच्या मागून ऊर बडवत रडणाऱ्या बायकांचा घोळका चाललाय. मग विचारा, या बायका कोण होत्या? ती बरोबर सांगेल. मीही उत्तम शुक्रवारी आता याच वचनापासून सुरुवात करते, आणि त्या ठाण्याच्या बाई त्यानंतर दोनदा येऊन गेल्या.